कमान वीस सेंटीमीटर खचली तेव्हा

कॅमेऱ्यात अख्खी कमान मावावी म्हणून मी मागे मागे सरकत होते, आणि ज्या झुडपावर जाऊन आदळले ते झुडूप चक्क "अहो!" असं ओरडलं.

गर्रकन वळून बघते तर काय, गुडघाभर पाण्यात, अंगाला गवताच्या काड्या बांधलेला एक माणूस! एका हातात दुर्बीण. दुसऱ्या हातातली वही माझ्या धक्क्याने पाण्यात पडलेली.

"एकशे बारा," तो रडवेल्या सुरात म्हणाला. "एकशे बारा बदकं मोजून झाली होती. आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग सांगून उभं राहायचं ना!"

"कोणाला? बदकांना?"

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. निरीक्षकाने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात फिदीफिदी हसू नये, असं तेव्हा माझं ठाम मत होतं.

आमच्या प्रादेशिक कार्यालयाकडे अकरा संरक्षित जागा. तळी, गुहा, एक जंगल आणि हा जुना दगडी पूल. दरवर्षी प्रत्येक जागेची तब्येत तपासायची आणि शेरा मारायचा... 'ठीक', 'लक्ष हवं' किंवा 'धोक्यात'. पूल माझ्या वाट्याला आला होता, आणि पुलाखालचं तळं याच्या. पक्षी मोजत तासन् तास पाण्यात उभा राहतो म्हणून सगळे त्याला 'बगळा' म्हणायचे.

बगळ्याची एक खोड माझ्या लवकरच लक्षात आली. हा माणूस उंचवट्याशिवाय बोलायचाच नाही. दगड, पायरी, बांध, काहीतरी पायाखाली लागायचंच. मला त्याचं फारसं नवल वाटलं नाही, कारण माझी खोड नेमकी उलटी. शाळेत कायम शेवटच्या बाकावर बसवलेली मुलगी मी. पोक काढून चालायची सवय तेव्हापासूनची. तो वरून बोलायचा, मी खालून ऐकायची, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायला लागलं होतं. पुलाची पाहणी दोन दिवसांत उरकते. मी तीन आठवडे लावले.

मग फोटोचा दिवस आला. कमानीखाली पाणी, त्यामुळे टेप लावता येत नाही. शिडी लावावी तर कमानीत पाकोळ्यांची घरटी. म्हणून खांबाशी एक माणूस अनवाणी उभा करायचा, ठरलेल्या जागेवरून फोटो काढायचा, आणि त्या माणसाच्या उंचीवरून कमानीची उंची काढायची. गेली पाच वर्षं तो माणूस म्हणजे बगळा. या वर्षी उभी राहिले मी, आणि कॅमेरा त्याच्याकडे दिला.

"जरा हसा की," तो म्हणाला.

"हा कमानीचा फोटो आहे."

"तिची पाण्यातली सावली बघा, चांगली हसतेय. तुमचंच तेवढं राहिलंय..."

मी हसले. फोटो चांगला आला. आकडा मात्र वाईट आला.

कार्यालयातल्या नोंदींमधून दोघांच्या उंच्या घेऊन मी तीनदा गणित केलं. पाच वर्षं कमान साडेतीन मीटर उंच होती. या वर्षी तीन मीटर तीस! मी तडक साहेबांना फोन केला.

"वीस सेंटीमीटर खचली?" साहेब किंचाळले. "धोक्यात टाका! शुक्रवारी बारापर्यंत अहवाल पाठवा. सोमवारी परांची बांधायला माणसं येतील."

बगळ्याला सांगितलं तेव्हा त्याने आधी कमानीतल्या घरट्यांकडे बघितलं.

"परांची बांधली तर घरटी जातील. बासष्ट आहेत. पिल्लांना अजून उडता येत नाही."

"मला काय हौस आहे? आकडे सांगतायत."

"आकडे... कधी कधी थापा मारतात," तो पुटपुटला आणि निघून गेला.

माझ्या कामावर संशय! मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. अहवाल लिहीत राहिले आणि मनातल्या मनात त्याच्याशी कडाकडा भांडत राहिले.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता तो कार्यालयात आला. खुर्चीवर बसला आणि बूट काढायला लागला. बुटांच्या आतून टाचेखाली ठेवलेले बुचाचे दोन जाड तुकडे निघाले. मग तो अनवाणी जाऊन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा राहिला.

"मोजा."

"काय?"

"मला."

मी टेप लावली. एकशे सत्तर.

"नोंदीत तर एकशे पंचाहत्तर आहे!"

"आत्याचे उपद्व्याप," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "लग्नासाठी माहितीचा कागद तिने केला. त्यात पाच वाढवले. मग नोकरीचा अर्जही तिनेच भरला. म्हणाली, पाच सेंटीमीटरनं कोणाचं काय बिघडतंय..."

"कमानीचं बिघडलं!"

"हो. तुमच्यासमोर बुटका ठरण्यापेक्षा गप्प बसावं, असं दोन दिवस वाटत होतं. पण पिल्लं आहेत हो..."

मी पोट धरून हसले. मग घाईघाईने गणित केलं. कमान माणसाच्या साधारण दुप्पट, त्यामुळे त्याचे पाच कमी केल्यावर जुनी कमान दहाने उतरून तीन मीटर चाळीसवर आली. माझी तीन तीसवरच होती.

"अजून दहा कमी पडतायत," मी म्हणाले.

"माझ्याकडे आता कमी करायला काही उरलेलं नाही," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

माझं हसू एकदम थांबलं. ते दहा सेंटीमीटर कुठे आहेत, हे जगात दोघींनाच माहीत होतं. मला आणि माझ्या आईला. "एकशे सत्तरच्या वर लिहू नकोस गं, मुलगे पळतात," असं आई म्हणाली होती आणि मी नोकरीच्या अर्जातही एकशे सत्तरच लिहिलं होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होतं? घरटी गेली असती... आणि हा माणूस पळाला नसता.

घड्याळात साडेअकरा झाले होते.

मी चपला काढल्या आणि चौकटीला टेकून उभी राहिले. पाठ सरळ केली, पार सरळ. कित्येक वर्षांत केली नव्हती तेवढी.

"आता मला मोजा."

त्याला टाचा उंचवाव्या लागल्या. टेपवरचा आकडा त्याने एकदा वाचला, मग पुन्हा वाचला.

"एकशे पंचाहत्तर," तो हळूच म्हणाला.

माझी खरी उंची त्याच्या नावावर आणि त्याची माझ्या नावावर, असे आम्ही दोघं सरकारी कागदांवर मजेत नांदत होतो! कमान मात्र होती तिथेच होती. दोन्ही गणितांनी तीन मीटर चाळीस, तसूभर हललेली नाही. मी 'धोक्यात' खोडून 'ठीक' लिहिलं आणि साहेबांना फोन लावला.

"आणि ते वीस सेंटीमीटर?" साहेबांनी विचारलं.

"ते आमचे होते, साहेब. दहा त्याचे, दहा माझे."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, "लेखी द्या. दोघांच्या खऱ्या उंच्या आणि दोघांच्या सह्या. एकाच कागदावर."

फोन ठेवून मी भीत भीत बगळ्याकडे बघितलं. तो पळाला नव्हता. अजूनही अनवाणीच होता, पायाखाली दगड नाही की पायरी नाही, आणि मान जराशी वर करून माझ्याकडे बघत होता.

"एका कागदावर आपल्या दोघांच्या सह्या," तो म्हणाला. "आत्या आनंदाने वेडी होईल."

"तिला माझी खरी उंची सांगशील?"

"सांगेन ना. माझ्यापेक्षा पाच सेंटीमीटर उंच आहे म्हणेन... आणि मला ती फार आवडते, असंही सांगेन."

"दुसरं आधी सांग," मी म्हणाले, आणि सहीसाठी पेन त्याच्या हातात दिलं.