उभा बसवलेला माणूस

सकाळी दहानंतर सोलापूरच्या कांडी गल्लीतून स्कूटर काढणं जिकिरीचं होऊन बसलं होतं. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी डोळ्यांवर जाड काळे चष्मे चढवून रस्त्याच्या मधोमध फिरत असत. त्यांना समोर १९७८ सालची कांडी गल्ली दिसे, आणि तिच्यात वाहनं म्हणजे फार तर दोन सायकली. चष्म्यातून आजची गल्लीही अंधूक दिसायची सोय होती, पण तिकडे लक्ष कोण देणार? परवाच व्यंकटम्माबाई भाजीच्या हातगाडीवर आपटल्या आणि वर भाजीवाल्यालाच म्हणाल्या, "इथं नळ हाय. तू कुठनं आलास मध्ये?"

हा सगळा उद्योग गल्लीदर्शन केंद्राचा होता. केंद्राने दोन वर्षं घरोघर हिंडून जुने फोटो गोळा केले. ट्रंकांतले, देवघरांतले, रेशनकार्डाच्या पिशवीत विसरलेले. बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओच्या वारसांनी तर निगेटिव्हच्या पाकिटांच्या सात पेट्या आणून दिल्या. केंद्रातल्या यंत्राच्या लेखी प्रत्येक फोटो हा एक साक्षीदार होता. एका फोटोत नळ, दुसऱ्यात नळामागची भिंत, तिसऱ्यात भिंतीवरून डोकावणारी शेवग्याची फांदी, असं जोडत जोडत यंत्र पुरी गल्ली उभी करी. जिथं एकही साक्षीदार नसेल तिथं ते अंदाजाने भर घाली आणि तेवढा भाग फिकट राखाडी दाखवी. या भरीला केंद्रात 'पूरण' म्हणत. पोळ्या लाटण्यात उभा जन्म गेलेल्या बायकांना हा शब्द समजावून सांगावा लागला नाही.

माणसांच्या बाबतीत मात्र पूरण चालत नसे. ज्याचा फोटो नाही, तो माणूस गल्लीत दिसणार नाही. नियम कडक होता आणि माझ्या मते बरोबरही होता, कारण एकदा अंदाजाने माणसं उभी करायला लागलं की प्रत्येक घरात एक तहसीलदार निघाला असता.

राजमणी गुर्रम हिने केंद्राकडे अर्ज केला तो एका दिवसासाठी. एखाद्या दिवसाचे पुरेसे फोटो मिळाले की यंत्र तो अख्खा दिवस सकाळपासून उघडून देई आणि त्या फोटोंतली माणसं गल्लीत हिंडूफिरू लागत. राजमणीला १२ मार्च १९७८ हवा होता. त्या दिवशी तिचं बारसं होतं आणि समोरच्या घरात लग्न, त्यामुळे फोटो चांगले सतरा जमले होते.

राजमणी पासष्ट वर्षांची, टॉवेलच्या कारखान्यात किनारी शिवून निवृत्त झालेली. तिचे वडील भूमय्या भिवंडीला यंत्रमागावर होते आणि ती पाच महिन्यांची असताना तिथंच काविळीने गेले. पण त्याआधी ते बारशाला आले होते. मांडीवर बाळ घेऊन खुर्चीत बसलेली आई नरसूबाई, दोन आत्या, आजी आणि आईच्या खुर्चीमागे वडील, असा तो फोटो. वडिलांचा तेवढा एकच. "तुला डोळे भरून बघितला आणि गेला," असं नरसूबाईने मरेपर्यंत सांगितलं. बाप नसलेली पोर म्हणून कुणी कीव केली की राजमणी ताडकन म्हणे, "होता की. मला बघून गेलाय." सगळं आयुष्य ती या एका वाक्यावर ताठ उभी राहिली होती. आता तिला वडील गल्लीच्या तोंडाशी उतरून घरापर्यंत चालत येताना बघायचे होते. दुसरं काहीही नको होतं.

अर्जाला तीन आठवडे झाले तरी दिवस उघडेना. शेवटी केंद्राच्या तरन्नुम बागवानने तिला बोलावून घेतलं. तरन्नुम तिशीची, गल्लीपलीकडच्या बागवानांची मुलगी. कामाला चोख, पण वाईट बातमी सांगायची वेळ आली की टेबलावरच्या वस्तू नीट लावत बसायची. त्या दिवशी तिने टेबल दोनदा लावलं.

"अक्का, यंत्र हा फोटो घेत नाही," ती म्हणाली.

"का? फाटलाय थोडा, पण तोंडं दिसतात की."

"तोंडांचं नाही, सावल्यांचं आहे." तरन्नुमने फोटो पडद्यावर मोठा केला. "यंत्र प्रत्येक फोटोतल्या सावल्या मोजतं आणि त्यावरून सूर्य कुठं होता ते काढतं. आम्ही त्याला सावलीगणित म्हणतो. हे बघा, आत्या, आजी, खुर्ची, सगळ्यांच्या सावल्या डावीकडे. सकाळचे नऊ. आणि तुमच्या वडिलांची सावलीच नाही."

राजमणी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "म्हणजे काय, माझा बाप भूत हाय?"

"तसं नाही हो अक्का. पण यंत्र म्हणतं, हा साक्षीदार संशयित आहे. एक तर त्याची खात्री पटवा, नाहीतर हा माणूस काढा आणि दिवस उघडा."

"काढा म्हणजे?"

"म्हणजे बारसं दिसेल. ते दिसणार नाहीत. बारशात नाही, आणि गल्लीत कुठंच नाही. त्यांचा दुसरा फोटो नाही ना."

 राजमणीवर पासष्टाव्या वर्षी बाप दुसऱ्यांदा जायची वेळ आली होती, आणि तीही तिच्याच अर्जामुळे.

तरन्नुमने घाईघाईने स्टुडिओचं पाकीट पुढे केलं. "एक आशा आहे. पाकिटावर नोंद आहे बघा. 'बारसं. भूमय्या, मागे उजवीकडे बसवला.' म्हणजे स्टुडिओतल्या माणसाने स्वतः लिहून ठेवलंय की ते तिथं होते. फक्त एक कळत नाही. लिहिलंय बसवला, आणि फोटोत तर ते उभे आहेत."

"घाईत चुकला असेल लिहायला."

"असेल. पण अक्षर मल्लेशम येमूल यांचं आहे. त्यांनी नुसतं सांगितलं की हो, ते आले होते, तरी मी सही करून दिवस उघडीन."

मल्लेशम येमूल गल्लीच्या टोकाला राहत. वय पंच्याऐंशी. स्टुडिओत टचिंगचं, म्हणजे फोटोवर ब्रश फिरवून तो सुधारायचं काम करायचे. ब्रशाच्या एका केसाने भुवया रेखणाऱ्या या माणसाला आता दारात कोण उभं आहे ते दिसत नसे, आवाजावरून ओळखावं लागे. राजमणी गुडघ्यांमुळे मागे पडली होती. ती पायरीवर चपला काढत होती तोवर तरन्नुम आत गेलीही आणि सरळ कामाचंच बोलली.

"आजोबा, तुमच्या पाकिटावर एक शब्द आहे. माणूस उभा असताना तुम्ही 'बसवला' असं का लिहिलंय?"

म्हातारबुवा खूश झाले. वीस वर्षांत त्यांच्या धंद्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

"उभाच बसवलाय की! पोरी, बसवणं म्हंजे खुर्चीवर न्हवं. फोटोत नसलेला माणूस फोटोत घालणं, त्याला आम्ही बसवणं म्हणायचो. त्याचा दुसरीकडचा फोटो घ्यायचा, ब्लेडनं अंगासरशी कापायचा, मागनं पॉलिश पेपरनं घासून कडा पातळ करायची, हिकडं चिकटवायचा, ब्रश मारायचा आणि सगळ्याचा परत फोटो काढायचा. कुणाच्या बापाला कळत नसे. ह्या गल्लीत निम्म्या घरातले गडी मुंबईला, भिवंडीला. लग्नाचा फोटो, बारशाचा फोटो, घरधनी नाही म्हटल्यावर कसं वाटतं ते? मी चाळीसेक तरी बसवले असतील."

"सावली काढत नव्हता?"

"काढायचो की. एखाद्या वेळी मालक घाई करायचा आणि राहायची. कुणाचं पाकीट म्हणालीस?"

"भूमय्या गुर्रम. बारसं."

मल्लेशम पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "ते तेवढं राजमणीला सांगू नको हं. मी नरसूअक्काला शब्द दिलाय."

राजमणी उंबऱ्यात उभी होती. तिच्या एका हातात अजून चप्पल होती.

"मामा," ती म्हणाली, "मी इथंच हाय."

 तरन्नुमला वाटलं, आपण हे काम सोडावं आणि बागवानाच्या मुलीने करावा तसा फळांचा धंदा करावा.

"म्हणजे आलाच नव्हता," राजमणी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण तिला आईचा इतका राग कधी आला नव्हता. "सारा जन्म मी लोकांना सांगत फिरले. मला बघून गेलाय म्हणून. आणि तुम्ही आणि आई ऐकत होतात."

"बस की जरा."

"बसवू नका मला आता."

"राजम्मा, ऐक. नरसूअक्का खोटं बोलली ते गल्लीच्या तोंडासाठी. बाप बारशाला आला नाही म्हटलं की चार बाया चार बोलणार. पण बसवायची युक्ती तिची न्हवती. त्याची होती. मालकानं त्याला सुट्टी दिली नाही. तर त्यानं भिवंडीच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि टपालानं पाठवला, की मला ह्यात बसवा. पाठीमागं चिठ्ठी लिहिलेली. मीच वाचून दाखवली अक्काला."

"कुठाय तो फोटो?"

"कापला की मी. कापून तर बसवला." मल्लेशम चाचपडत म्हणाले. "उरलेला तुकडा पाकिटात टाकायचो आम्ही, काम झाल्याची खूण म्हणून."

तरन्नुमने केंद्राचा हातात धरायचा छोटा पडदा सुरू केला. पाकिटातला प्रत्येक कागद यंत्राने टिपून ठेवला होता. या पाकिटात एक तुकडा होता खरा, आणि त्यावर केंद्राचा शेरा होता: निरुपयोगी, मधोमध भोक. तिने तो समोर धरला. फुलांचा पडदा, चौकड्यांची फरशी आणि मध्ये माणसाच्या आकाराची मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेलाच एका हाताचा आकार फुटला होता, कमरेच्या उंचीवर पुढे आलेला, तळवा खाली. त्याच्या खाली पडदा आणि फरशी, बाकी काही नाही.

"हात असा का?" तरन्नुमने विचारलं.

"कळवलं होतं त्याला अक्कानं, की मी खुर्चीवर बसणार, पोरगी मांडीवर. त्यानं खुर्चीचं माप घेतलं असणार तिकडं. विणकर होता, माप चुकतंय होय? मी चिकटवायला गेलो तर हात बरोबर पोरीच्या टाळूवर. मला एक सूत हलवावा लागला नाही." मल्लेशमनी हवेतच बोटाने एक कड रेखली. "लई बसवले मी, पण बाकीचे सगळे हात बांधून उभे असायचे. हवेत हात धरून उभा राहिलेला हा एकच गडी."

तुकड्याच्या मागच्या बाजूला तेलुगू अक्षरं होती. राजमणी घरात तेलुगू बोलायची, पण शिकली मराठी शाळेत. तिला ती लिपी वाचता येत नव्हती. मल्लेशमना दिसत नव्हतं. शेवटी यंत्रानेच मराठी करून ती वाचून दाखवली, कोरड्या आवाजात, मधले शब्द कापले गेल्यामुळे अडखळत, न उलगडलेला एक शब्द तसाच ठेवून. "नरसू... सुट्टी नाही... पाप... डोक्यावर हात..."

"पाप?" तरन्नुम दचकली. "कसलं पाप?"

"आमच्यात बाळाला पाप म्हणतात," राजमणी म्हणाली आणि एवढा वेळ आवरलेलं रडू तिला तिथं आलं. तरन्नुम तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मल्लेशमही उगीच डोळे पुसत होते.

दुपारी दोघी केंद्रात परतल्या. यंत्र अजून उत्तराची वाट पाहत होतं. तरन्नुम म्हणाली, "अक्का, मी सही करते. वडील राहू देत बारशात. या गल्लीत कोण येणार तपासायला?"

राजमणीने मान हलवली. "काढ. तिथं तो नव्हता. आईच्या मागे उगी उभा करून त्याला आणखी किती वर्षं खोटं बोलायला लावायचं?"

"मग ते कुठंच दिसणार नाहीत."

"होता तिथं दिसेल की. भिवंडीचा तुकडा साक्षीदार न्हाय का?"

 हे तरन्नुमला सुचायला हवं होतं. तिने बारशाच्या फोटोतून भूमय्याला अलगद सोडवलं आणि तुकड्यातल्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. कडा कडांना भेटल्या. सावलीगणित क्षणात जुळलं. स्टुडिओत दिवा समोर होता, म्हणून सावली मागे पडद्यावर पडली होती, आणि ती साठ-पासष्ट वर्षं तिथंच राहिली होती. या वेळी यंत्राने काही हरकत घेतली नाही. त्याने एक छोटी खोली उघडली.

राजमणीने चष्मा लावला. फुलांच्या पडद्यापुढे पंचविशीचा, नवा सदरा घातलेला एक मुलगा उभा होता. तिच्या धाकट्या लेकापेक्षा लहान. तो फोटोसाठी श्वास रोखून उभा होता आणि त्याचा हात हवेत होता. राजमणीने चाचपडत जवळचं स्टूल ओढलं, गुडघे सांभाळत त्या हाताखाली बसली आणि पांढरं झालेलं डोकं किंचित वाकवलं.

ती जशी बसली तशी खोलीत आणखी कुणीतरी आहे, आणि ती अर्जातली मुलगीच आहे, हे यंत्राच्या लक्षात आलं. नवी खोली उघडली की नोंद पुरी करायची, हा त्याचा रिवाज. तरन्नुमच्या पडद्यावर एक साधी ओळ आली आणि तिच्याखाली 'होय' आणि 'नाही' अशा दोन जागा. तरन्नुमने ती दोनदा वाचली. तिचं बोट पडद्यावर तसंच थांबून राहिलं.

'हा फोटो काढताना या माणसाची मुलगी त्याच्याजवळ होती काय?'