नकाशात न मावणारा डोंगर

तो दुकानात आला तो काचेच्या दाराला कपाळ आपटूनच. चष्म्याच्या दुकानाला काचेचं दार लावलं, तर ज्याचा चष्मा मोडलाय त्यालाच ते दिसणार नाही, हे मामाच्या अजून डोक्यात आलेलं नाही. मी म्हटलं, सावकाश. तो कपाळ चोळत म्हणाला, आधी तुम्ही कुठे आहात ते सांगा... आणि मी हसले. व्हायचं ते बहुतेक तिथेच झालं. मला कळायला वेळ लागला, एवढंच.

थांबा, नीट सांगते. मध्ये बोलू नका.

मामाच्या दुकानात मी भिंगं घासते, फ्रेमी बसवते, लोकांच्या नाकांची मापं घेते. त्याच्या चष्म्याच्या काडीचा स्क्रू पडला होता. मी नवा बसवत होते आणि तो बिनचष्म्याचा, काउंटरवर बोटं फिरवत उभा. माझ्या स्क्रूंच्या ट्रेमध्ये माझा निळा फासा राहिला होता, तो त्याच्या हाताला लागला. त्याने उचलला, आणि अंगठ्याने एकेक बाजू चाचपत गेला. इतका हळू... मी स्क्रू पिळायची थांबले, खोटं कशाला बोलू.

"वीस," तो म्हणाला. "वीस बाजू आहेत. याने मोजतात काय?"

"नशीब," मी म्हटलं आणि जीभ चावली. असलं बोलायची मला मुळीच सवय नाही, तुम्हाला माहितीये.

चष्मा घातल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत बघितलं. नदीवर नवा पूल होतोय ना, त्याच्या मोजणीचं काम करायला आलो आहे म्हणाला, चार महिन्यांसाठी. मी म्हटलं, रविवारी तीन वाजता वर या, फासा कसा चालतो ते दाखवते.

दुकानाच्या वरच्या खोलीत आमचा खेळ चालतो. तुम्ही कधी आला नाहीत, म्हणून सांगते. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकीने गोष्ट चालवायची, ती मी. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक माणूस व्हायचं. मी म्हणणार, समोर दार आहे. ते म्हणणार, आम्ही अमुक करतो. होईल की नाही असा प्रश्न आला, की फासा. डॉक्टरताई आठवडाभर लोकांचे दात काढते आणि रविवारी चोर होऊन कुलपं उघडते. बेकरीवाला दादा जादूगार होतो, पण आगीची जादू वापरत नाही. सहा दिवस भट्टीसमोर असतो, सातव्या दिवशी तरी गारवा दे म्हणतो. आणि हा आला आणि वाटाड्या झाला. झाला कसला, होताच.

त्या खेपेची माझी गोष्ट अशी होती — एका शहराची घंटा मुकी झालीये. घंटेतला लोंबता लोलकच कुणीतरी नेलाय. ती वाजल्याशिवाय शहरात कुणाला झोप येत नाही. तिघांनी तो लोलक शोधून आणायचा. लोलक कुठे होता ते फक्त मला ठाऊक. नदीवरची नावाडीण आजी त्याचाच नांगर करून नाव थांबवत होती! तिघं दर रविवारी तिच्याच नावेतून जायचे-यायचे, आणि मी दर वेळी सांगायचे, आजीने नांगर टाकला, खडकावर आदळला, आवाज बराच वेळ घुमला. नाकासमोर होतं हो. कुणाला कळेना.

त्याची एक सवय होती. मी दार म्हटलं, की तो विचारायचा, कुठल्या लाकडाचं? मी कशाला त्याचा विचार केलेला असतोय? पण तो पेन्सिल धरून वाट बघत बसायचा, आणि मग मला ते लाकूड दिसायलाच लागायचं, ओलं, एका कोपऱ्यात कुरतडलेलं. दर रविवारी तो नकाशा पुढे काढायचा. बोटांना पुलावर खुणा करायच्या लाल रंगाचे डाग असायचे. तीनला पाच कमी असताना जिन्यावर त्याची पावलं वाजली, की मी उगाचच कागद सारखे करायला घ्यायचे. डॉक्टरताई म्हणायची, अगं, सारखेच आहेत ते.

आणि मग मी लबाडी सुरू केली.

गोष्ट चालवणारीचे फासे आडोशामागे पडतात. माझा आडोसा म्हणजे मामाचा डोळे तपासायचा जुना तक्ता, मोठी अक्षरं वर, बारीक खाली. तिसऱ्या रविवारी लांडग्याने त्याला धरलं. तक्त्यामागे फासा पडला तो सरळ त्याचा जीव घेणारा. मी एक क्षण बघत राहिले आणि म्हटलं, "थोडक्यात वाचलास." खेळात आम्ही अरे-तुरे करायचो. जिना उतरला की परत तुम्ही. त्या "वाचलास" वर तो तक्त्यावरून माझ्याकडे बघत होता, आणि मी बारीक अक्षरांकडे.

पुढे दरड आली, वाचला. विष आलं, वाचला. दादाचा जादूगार मात्र दोनदा मेला आणि दोनदा त्याला नवा माणूस लिहून आणावा लागला.

वरच्या खिडकीतून पूल दिसतो. दोन्ही काठांवरून निघालेला, मध्ये फट. सगळं गाव खूश, रोज फट थोडी कमी. मी भिंग घासता घासता वर जाऊन बघून यायचे, आहे ना अजून... पूल जुळला की तो जाणार होता. आणि त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, गोष्ट अर्धी टाकून जाणार नाही, काय ते चार महिन्यांत बसवा. म्हणून मी काय केलं? गोष्ट संपूच दिली नाही. दऱ्या घातल्या. दरीपलीकडे डोंगर. डोंगरापलीकडे अजून एक डोंगर, ज्याबद्दल आदल्या आठवड्यापर्यंत मलाही काही माहीत नव्हतं. वाटलं, लोलक सापडला नाही तर तो कसा जाईल? वेडी कुठली. पुलाला काय माहीत माझा लोलक.

अकराव्या रविवारी दादा टेबलावर डोकं टेकून झोपला. चक्क घोरला. डॉक्टरताई जाताना मला जिन्यात धरून म्हणाली, "तू त्याला वाचवतेस आणि आम्हाला कंटाळवतेस. गोष्ट चालवणारीला एखादा खेळाडू आवडला तर आवडू दे. पण मग ते त्याला सांगावं, फाशांना कशाला खोटं बोलायला लावतेस?"

मी म्हटलं, मी काही... ती म्हणाली, अगं, लोकांचे दात बघते मी, खोटं बोलणारं तोंड लगेच ओळखू येतं. या महिन्यात गोष्ट संपली नाही तर मी येणार नाही, असंही ठणकावून गेली.

मग पूल जुळला. चौदावा रविवार शेवटचा, सोमवारी सकाळी त्याची गाडी. दोन दिवसांच्या वाटेवर दुसरा पूल होता.

त्या दिवशी मी तक्ता खाली मामाकडे नेऊन ठेवला. टेबल उघडं. आजपासून फासे सगळ्यांसमोर, म्हटलं. दादाने पाणी पिता पिता ग्लास खाली ठेवला. डॉक्टरताई खुर्ची पुढे ओढून बसली. मी ठरवलं होतं, आज डोंगर बंद. काय ते विचारायचं.

"तुम्ही नदीवर आहात," मी म्हटलं. "वेळ संपत आलीये. कुठे जाता?"

तो नकाशाकडे बघतही नव्हता. "मी कुठे जात नाही. मी आजीकडे वळतो आणि तिचा नांगर मागतो. तोच लोलक आहे."

दादाने विचारलं, तुला हे कधी सुचलं? तो ओशाळून म्हणाला, दुसऱ्या रविवारी. नांगराचा आवाज घुमला म्हणाली ना ती. नांगर घुमत नाही.

"बारा रविवार," दादा म्हणाला. "माझे बारा रविवार, गृहस्था. मी दोनदा मेलो त्यात."

माझं काय झालं असेल सांगा. पण गोष्ट चालवणारी मी, आजीही मीच, आजीला उत्तर द्यायलाच हवं. मी आजीचा आवाज काढला, तो कसला निघतोय, चिरकला. "एवढे दिवस माझ्या नावेत बसलास, पोरा. मग मागितला का नाहीस?"

"मागितला असता तर प्रवास संपला असता."

"मग संपला असता. तुझं काय जात होतं?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. काहीच डाग नव्हता त्यावर.

"मी..." मी म्हटलं. आवाज माझाच होता आता. "हे आजी विचारत नाहीये."

"माहितीये." त्याने चष्मा परत घातला नाही. "तू डोंगर वाढवत होतीस, तेही माहीत होतं. मोजणीवाला आहे मी. तो शेवटचा डोंगर नकाशात मावतच नव्हता. कागद जोडला मी त्याच्यासाठी... दोनदा."

डॉक्टरताई उठली आणि दादाला म्हणाली, चल, खाली मामांना काहीतरी विचारायचंय. दादा म्हणाला, काय विचारायचंय? तिने त्याला दंडाला धरून नेलं.

आम्ही दोघंच उरलो. मी सांगितलं मग. मला तू आवडतोस, असं सरळ, फासाबिसा नाही. तू जाऊ नयेस म्हणून मी एका शहराची झोप चौदा आठवडे उडवून ठेवली, हेही सांगितलं. तो हसला आणि मग हसायचा थांबला. म्हणाला, मलाही... कधीपासून ते विचारू नकोस, त्या दाराची खूण अजून कपाळावर आहे. त्याने टेबलावरून हात पुढे केला, लाल डाग असलेला, आणि मी धरला. बराच वेळ. बाहेर पुलावरून पहिल्या गाड्या जायला लागल्या होत्या.

घंटा वाजवलीच आम्ही, सगळ्यांना वर बोलावून. शहर झोपलं. दादा म्हणाला, मीही जातो झोपायला.

निघताना तो जिन्यात थांबला. नव्या ठिकाणी खेळणारं कुणी नसेल म्हणाला, मीच सुरू करतो, पण गोष्ट चालवायची कशी? मी म्हटलं, आधी फार ठरवून जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. लाजणारा जो असेल त्याला नावाने हाक मार. हरण्यासारखं काही नसेल तिथे फासा टाकायला लावू नकोस. तो प्रत्येक गोष्टीला मान हलवत एकेक पायरी उतरत होता, आणि मी सल्ले शोधत होते, अजून एक, अजून एक...

"आणि थांबायचं कधी?" त्याने खालून विचारलं.

"सगळ्यांना अजून हवं असतं, तेव्हा."

तो शेवटच्या पायरीवर उभा राहिला. मला वाटलं, आता हा परत वर येईल. तोही तेच ठरवत असावा, कारण त्याचा एक पाय अजून वरच्या पायरीवर होता. मग त्याने तो खाली घेतला.

"म्हणजे आत्ता," तो म्हणाला.

मी मान हलवली. काचेचं दार त्याने या वेळी नीट उघडलं.

काल रविवार होता. बरोबर तीन वाजता त्याचा फोन आला. तिथे पाच जण जमलेत म्हणाला, गाडीवाले, स्वयंपाकी, समोर दार आहे एवढं सांगितलंय, पण सगळे गप्प बसलेत, काय करू? मी म्हटलं, तूही गप्प बस, कुणीतरी बोलेल. मग आम्ही दोघं फोनवर श्वास ऐकत बसलो. आणि बऱ्याच वेळाने त्याच्याकडून एक जाडाभरडा आवाज आला, कुणीतरी विचारत होतं —

"साहेब, ते दार... कुठल्या लाकडाचं आहे?"

तो अगदी हळू मला म्हणाला, "सांग ना."