उरलेला अर्धा परवाना

थोरली बहीण जिना चढून आली आणि दारातच अडली. दारावरची पाटी तिने दोनदा वाचली.

“नापाससाहेब इथेच बसतात ना?”

शिक्केकाकांनी हसू गिळलं. तोंडावर हे नाव घेणारं माणूस पहिल्यांदाच भेटत होतं. साहेबांनी तीस वर्षं परवाना कचेरीत गाडी चालवण्याची परीक्षा घेतली होती, आणि दहातल्या चारांना हमखास घरी पाठवलं होतं. निवृत्त झाल्यावर टायरच्या दुकानावरची ही खोली घेऊन ते खासगी तपास करू लागले. शिक्केकाका त्याच कचेरीत खिडकीवर कारकून. तीन महिन्यांपूर्वी सुटले, आणि घरी बायकोच्या पायात पायात करण्यापेक्षा बरं म्हणून इथे येऊन बसू लागले. वही त्यांची, डोकं साहेबांचं.

“बसा,” साहेब म्हणाले. “काय झालं ते सांगा. कोण चुकलं ते आपण मागून पाहू.”

थोरली बसली, पण खुर्चीच्या कडेवर. तिची धाकटी बहीण एका पोरीला घेऊन नवऱ्यापासून वेगळी राहत होती. मुलींच्या शाळेने तिला बसवर चालक म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, एक तारखेला हातात परवाना हवा. म्हणून तिने ड्रायव्हिंग स्कूल लावलं. गुरुवारी सकाळी गिरणीच्या भिंतीशी, गल्लीतून सायकलवर बाहेर पडलेल्या एका म्हाताऱ्या पोस्टमनला तिच्या गाडीची धडक बसली. गाडी पुढे जाऊन रस्त्याकडेच्या मोरीच्या दगडावर आपटली. पोस्टमनचा खुबा मोडला.

“आणि मास्तर सांगतात, मी गाडीत नव्हतोच. मागच्या चाकाची हवा बघायला उतरलो, तेवढ्यात ही गाडी घेऊन एकटीच सुटली. साहेब, माझी बहीण रस्ता ओलांडायलासुद्धा माझा हात धरते.”

“पोलिसांनी काय लावलंय?”

“परवान्याशिवाय गाडी चालवली, न विचारता गाडी नेली, माणूस जखमी केला. सोमवारी कोर्ट. वकील म्हणतात, हे टिकलं तर तुरुंगही होईल, आणि परवान्याचं दार तर कित्येक वर्षं बंद.”

“पण शिकाऊ परवाना आहे ना तिच्याकडे?” शिक्केकाका मध्येच म्हणाले.

“शिक्के, शिकाऊ परवाना म्हणजे अर्धा परवाना. उरलेला अर्धा बाजूला बसतो. तो गाडीत नसेल, तर हातातल्या कागदात फार तर शेंगदाणे बांधावेत.”

*

धाकटी शिवणयंत्रापाशी बसली होती, पण यंत्र बंद होतं. तिची पोरगी शेजारी रिळं रंगाप्रमाणे लावत होती.

“मास्तर कुठे होते?” साहेबांनी विचारलं.

“माझ्या डावीकडे. नेहमीसारखे. सारखं गाणं चाललेलं असतं त्यांचं.” तिने खालच्या आवाजात म्हणून दाखवलं:

“आरसा बघ, इशारा दे,
मान वळव, मग वाट घे.”

“मग?”

“तिसरा गिअर टाका म्हणाले. मी खाली दांड्याकडे पाहिलं. म्हणाले, रस्ता मोकळा आहे ताई, जाऊ द्या. वर पाहिलं तर सायकल. मी ओरडले.”

“आणि ब्रेक दाबलात?”

तिने पोरीच्या हातातलं एक रीळ सरळ केलं. मग म्हणाली, “नाही. पाय गोठला. ॲक्सिलरेटरवरच राहिला. दगडावर आपटायच्या आधीच गाडी करकचून कशी अडली मला ठाऊक नाही. फौजदारांना हेच सांगितलं, तर ते हसले. ब्रेक न दाबता थांबायला तो काय बैल आहे, म्हणाले.”

पदर सावरताना तिच्या गळ्याशी निळा वळ दिसला. उजव्या खांद्यावरून निघून तो तिरपा डाव्या कुशीकडे उतरला होता.

“सीटच्या पट्ट्याचा,” थोरली म्हणाली. “तो होता म्हणून वाचली.”

शिक्केकाकांनी वहीत लिहिलं: वळ, उजवा खांदा.

*

पोलिस ठाण्याच्या आवारात गाडी नाक फुटलेल्या पोरासारखी उभी होती. साहेब आधी डाव्या बाजूला वाकले. तिथेही खाली क्लच आणि ब्रेक होते, शिकवणाऱ्यासाठी. ब्रेकवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. मग त्यांनी चालकाचा पट्टा ओढून पाहिला. खांद्याशी कडीतून जातो तिथे पट्टा चुरगळला होता, त्यावर भाजल्यासारखी चकचकीत रेघ होती. नंतर डाव्या सीटचा पट्टा ओढला.

“काय दिसतं, शिक्के?”

“तसंच. चुरगळलेला.”

“लिहा.”

काकांनी लिहिलं: पट्टे दोन, दोन्ही चुरगळलेले. काय लिहिलं ते त्यांना उमगलं नाही, पण अक्षर छान आलं.

*

पोस्टमन इस्पितळात पाय वजनाला टांगून पडला होता.

“बत्तीस वर्षं सायकल मारली,” तो म्हणाला. “चारदा कुत्री चावली, गाडीखाली कधी आलो नाही. निवृत्त झालो आणि हे.”

“गाडीत कोण होतं?”

“बाईचा चेहरा तेवढा दिसला. काचेवर ऊन होतं. पण ऐकू सगळं आलं. आधी बाई किंचाळली, मग चाकं किंचाळली.”

“याच क्रमाने?”

“मला पत्ते लावायची सवय आहे, साहेब. क्रम चुकत नाही.”

*

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एक लांबट खोली. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, एक टेबल, चार स्टुलं आणि मास्तर. पन्नाशी उलटलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. शिक्केकाकांना वाटलं, हा चेहरा कुठेतरी पाहिलाय. पण त्यांच्या खिडकीपुढून इतके चेहरे गेले होते, की त्यांना भाजीवालाही अर्जदार वाटे.

“सव्वीस वर्षं शिकवतोय,” मास्तर म्हणाले. “एक ओरखडा नाही. आणि या बाईने घाई केली. एकेकाला दम नसतो.”

“तुम्ही हवा बघायला उतरलात.”

“मागच्या चाकाची.”

“हजेरीची वही बघू?”

वही वरच्या फळीवर होती. मास्तर उठले. वाटेतलं स्टूल त्यांच्या नडगीला लागलं. त्यांनी ते निमूट बाजूला सारलं. रोजचंच असावं तसं. वही जाड होती, तरी त्यांनी उजव्या हातानेच ओढून काढली. डावा हात छातीशी धरलेला होता. वही साहेबांपुढे ठेवून ते पुन्हा टेबलाशी बसले.

“काय झालं हाताला?”

“हाताला नाही, खांद्याला. वाकडं झोपलो.”

एवढ्यात स्कूलचे मालक आत आले आणि मास्तरांच्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर येऊन उभे राहिले. मास्तर साहेबांशी बोलतच होते. मालक खाकरले तेव्हा ते दचकले. सगळी मान फिरवून त्यांनी पाहिलं.

“अच्छा, तुम्ही होय.”

मालक गोल, गोड माणूस. “त्या बाईबद्दल वाईट वाटतं हो. पण कायदा म्हणजे कायदा. माझ्या गाडीचा चुराडा झाला, तो वेगळाच.”

“मास्तरांचा परवाना?”

“तो काय, भिंतीवर. लपवायचं काय त्यात?”

चौकटीत परवान्याची प्रत लावली होती. फोटो, नाव, सही, सगळं स्वच्छ. तळाच्या ओळीवर मात्र चौकटीच्या काचेवरच एक कागद चिकटवला होता: भरलेली फी परत मिळणार नाही.

“हे वाक्य लोकांना दिसेल अशा जागी हवं,” साहेब म्हणाले.

“तिथे सगळे बघतात ना,” मालक हसले.

बाहेर कुणीतरी करकचून हॉर्न वाजवला. शिक्केकाकांनी सहज खाली पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय टेबलाखाली फरशीवर दाबला गेला होता. हॉर्न थांबला, तसा तो हळूच वर आला.

*

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. दोघी बहिणी, मालक, मास्तर, आणि दाराशी फौजदार. ते घड्याळ बघत होते.

“मी परीक्षक होतो,” साहेब म्हणाले. “तोंडी परीक्षा लांबवत नाही. प्रश्न एकच आहे, धडकेच्या वेळी मास्तर कुठे होते? पट्ट्यापासून सुरुवात करू. पट्टा रिकाम्या सीटवर नुसता लोंबत असेल, तर धडकेत त्याला काही होत नाही. आत माणूस अडकला असेल, तर वजनाने तो कडीपाशी घासतो आणि चुरगळतो. शिक्के, वाचा.”

“पट्टे दोन, दोन्ही चुरगळलेले,” काकांनी वाचलं, आणि वाचता वाचता त्यांना ते कळलं.

“म्हणजे माणसं दोन. चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. ताईंचा वळ तिथेच आहे. डावीकडच्या माणसाचा डाव्या खांद्यावरून येतो. मास्तर, त्या खांद्यावर वाकडं झोपलात म्हणालात. शर्टाची दोन बटणं काढता?”

मास्तरांचा हात गळ्याशी गेला, पण बटण काढायला नाही, झाकायला.

“पट्टा जुनाच असेल,” मालक म्हणाले.

“असेल. मग पुढचं बघू. ताई म्हणतात, मी ब्रेक दाबला नाही. फौजदारसाहेब, तुम्ही हसलात. पण रस्त्यावर चाकं घासल्याच्या खुणा तुमच्याच पंचनाम्यात आहेत. ब्रेक कुणीतरी दाबला. पोस्टमन सांगतो, आधी बाई किंचाळली, मग चाकं. सव्वीस वर्षं शिकवलेला माणूस सायकल दिसताच ब्रेक दाबतो, शिकाऊ बाईच्या किंकाळीची वाट बघत नाही. याने वाट पाहिली. का? त्याला सायकल दिसलीच नाही. किंकाळी ऐकू आली.”



“मास्तरांना समोरचं दिसतं. कडेचं दिसत नाही. नळीतून बघावं तसं. रोजचं स्टूल नडगीला लागतं. हातभर अंतरावर मालक उभे, ते खाकरेपर्यंत कळत नाहीत. आणि ‘रस्ता मोकळा आहे ताई’ हे त्यांनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांच्यापुरता तो मोकळाच होता. सायकल गल्लीतून आली, कडेने.”

“साहेब, मी गाडीत नव्हतो,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी एक स्टूल त्यांच्या समोर ओढलं. आवाज मऊ केला, रोजच्या शिकवणीसारखा.

“बरं. गिरणीची भिंत. तिसरा गिअर टाकलाय. ताई खाली बघतायत. रस्ता मोकळा. आणि ताई ओरडतात…”

फरशीवर चप्पल घासल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी खाली पाहिलं. मास्तरांनीही पाहिलं. उजवा पाय गुडघ्यापासून ताठ होऊन जमिनीत रुतल्यासारखा दाबला होता.

त्यांनी तो उचलला नाही.

“मी दाबला होता,” ते म्हणाले. “उशिरा. पण दाबला होता.”

साहेब उठले, भिंतीशी गेले आणि नखाने काचेवरचा कागद खरवडून काढला. तळाच्या ओळीत मुदतीची तारीख होती. संपून आठ महिने झाले होते.

“हा कागद कुणी चिकटवला?”

“मालकांनी,” मास्तर म्हणाले. “आणि त्या दिवशी रस्त्यावरून फोन केला तेव्हा तेच म्हणाले, तुम्ही उतरला होतात असं सांगा. नाहीतर स्कूल बंद, विमा बंद, तुम्हीही आत. बाईचं काय, शिकाऊ आहे, सुटेल.”

“मी वाईटासाठी नाही सांगितलं,” मालक म्हणाले. गोडवा तोंडावरून उतरला होता.

“आठ महिने?” धाकटी पहिल्यांदा बोलली. “मास्तर, मी तुमच्या भरवशावर आरसा बघत होते.”

मास्तरांनी मान वळवून तिला शोधलं. “डोळ्यांचा दाखला मिळेना, ताई. मला दुसरं काही येत नाही. आणि मी चालवत कुठे होतो? नुसता बाजूला बसायचो.”

*

फौजदारांनी वही मिटली. न विचारता गाडी नेल्याचा आरोप निघेल, म्हणाले. मास्तर आणि मालक, दोघांवर गुन्हा नोंदला जाईल.

“म्हणजे सुटली ना ही?” थोरलीने विचारलं.

फौजदारांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनाच सांगावं लागलं.

“तुरुंग टळेल. पण बाजूचा अर्धा आठ महिन्यांपूर्वीच संपला होता. म्हणजे परवान्याशिवाय चालवल्याचं कलम राहतंच. फसवलं गेल्याचं कोर्ट बघेल, दंडावर भागेल. शिकाऊ परवाना मात्र रद्द होईल. नव्याने अर्ज, नव्याने शिकणं, आणि सहा महिने तरी खिडकीशी यायचं नाही. विमा कंपनीही हात वर करणार. पोस्टमनला मालकाच्या मागे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतील. त्या पायाने.”

“एक तारीख परवा आहे,” धाकटी म्हणाली.

तिने फीची पावती काढून टेबलावर ठेवली.

“म्हणजे मी गाडी शिकले की नाही, तेवढं तरी सांगा.”

हजारो माणसांचा निकाल एका शब्दात लावलेल्या साहेबांना तो शब्द सापडला नाही. थोरलीने तिचा हात धरला आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्या.

*

साहेबांच्या जुन्या गाडीत शिक्केकाका डावीकडे बसले. बराच वेळ वहीची कड चाळवत राहिले.

“तो चेहरा आठवला,” ते म्हणाले. “आठ महिन्यांपूर्वी माझ्या खिडकीवर आले होते. तीनदा. नूतनीकरणाचा अर्ज, पण डोळ्यांचा दाखला नाही. तिन्ही वेळा मी कागद परत केला.”

“बरोबर केलंत.”

“हो. नियमाने.” काका थांबले. “तिसऱ्यांदा जेवायची सुट्टी होती. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. ते स्कूलच्या गाडीत जाऊन बसले. गाडीला शिकाऊची पाटी होती, एक पोरगी चालवत होती.”

“आणि?”

“ते डावीकडून बसले, साहेब. मला वाटलं, चालवत तर नाहीत. मी डबा उघडला.”

साहेबांनी गिअर बदलला. तीस वर्षांत त्यांनी कुणालाही समजूत घालून पास केलं नव्हतं.

चौकात डावीकडून एक सायकल आली. साहेबांनी वेळेवर ब्रेक लावला. सायकलवाला मागे न बघता निघून गेला.

शिक्केकाकांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा पाय गाडीच्या पत्र्यावर घट्ट दाबला होता. तिथे ब्रेक नव्हता.