शेख दफल्लांची काठी

पटो न पटो, हे घडलेलं आहे. सुदानमधल्या ओमदुरमानला, आमच्याच गल्लीत, भर दुपारी.

भुतं रात्री येतात म्हणे. येत असतील बापडी. हे रात्री आलं नाही.

सित्तना रस्त्याकडेला चहा विकते. तिचे वडील शेख दफल्ला दोन्ही डोळ्यांनी आंधळे, पण मशिदीत एकटेच जायचे. काठीला खाली लोखंडी टोपण होतं. टक... टक... आणि मग खर्रर्र, कडेचा अंदाज घेत ओढलेली. गल्लीतली वांड पोरंसुद्धा त्या आवाजाला वाट सोडायची.

गेल्या पावसाळ्यात रस्ता आणि गटार एक झालं. सगळीकडे नुसतं पाणी. म्हातारा त्यातच गेला, सित्तनाच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर.

पालिकेने हात झटकले, तेव्हा सित्तना कोर्टात गेली. पालिकेच्या इंजिनीअर मुअतसिमने कोर्टात शपथेवर सांगितलं की गटारावर फरशा पहिल्यापासून आहेत, म्हातारा स्वतःच्या चुकीने दुसरीकडे कुठेतरी पडला असेल. सित्तनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला भरपाईचं काही पडलं नव्हतं. उघड्या गटाराने माझा बाप नेला, एवढं कोर्टाने म्हणावं, बस.

न्यायाधीशांना सगळे मौलाना म्हणत. मौलाना म्हणाले, मी जागा बघायला येतो.

त्यांच्या आधी पालिकेचा ट्रक आला. मशिदीपासून सित्तनाच्या चुलीच्या थोडं पुढपर्यंत नव्या कोऱ्या फरशा बसल्या, वर माती फासून जुन्या केलेल्या. शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण साक्षीला कुणी पुढे येईना. पालिकेशी वैर कोण घेणार?

त्याच दिवसापासून सुरू झालं...

टक... टक... खर्रर्र.

फरशांवरून. पोकळ.

सित्तनाने वर पाहिलं.

रस्ता रिकामा.

आवाज मशिदीकडून यायचा आणि एका जागी थांबायचा. बरोबर तिथेच, जिथे म्हातारा पडला होता. त्यापुढे काही नाही. शेजारच्या हलीमाला सांगितलं तर ती म्हणाली, "दुःखाने कान वाजतात गं."

मौलाना आले ती दुपारची वेळ होती. मुअतसिम फरशीवर पाय आपटून दाखवत होता, बघा, आहेत की नाहीत. एवढ्यात पश्चिमेकडून धुळीची भिंत आली. दिवसाढवळ्या काळोख. ज्याने त्याने तोंड झाकलं आणि भिंत धरली.

मग वारा एकदम पडला.

धूळ तशीच. हाताला हात दिसेना.

आणि...

टक...

टक...

खर्रर्र.

सित्तनाने हातातला पेला खाली ठेवला.

आवाज जवळ आला. अजून जवळ. त्या जागेपाशी पोचणार, तोच मुअतसिम ओरडला. आंधळ्या माणसाला सावध करायला आपण जीव तोडून ओरडतो ना, तसा.

"चाचा, थांबा! पुढे गटार उघडं आहे!"

आवाज थांबला.

धुळीतून मौलाना अगदी हळू म्हणाले, "उघडं आहे म्हणालात?"

मुअतसिम म्हणाला, "होतं, मौलाना. उघडंच होतं."

धूळ बसली. फरशांवर धुळीचा ताजा थर होता. त्यावर पाऊल एकही नव्हतं.

फक्त बारीक गोल ठसे... त्या जागेपर्यंत.

निकाल सित्तनाच्या बाजूने लागला. म्हाताऱ्याची चूक नव्हती, पालिकाच जबाबदार, असं मौलानांनी भर कोर्टात वाचून दाखवलं. सित्तना पोटभर रडली. आता बाबा शांत होतील, असं तिला वाटलं.

नाही झाले.

काठी आता त्या जागी थांबत नाही. चुलीवरून पुढे येते, फरशा संपतात तिथवर. तिथून शाळेपर्यंतचं गटार अजून उघडंच आहे. निकालात ते नव्हतं.

सित्तनाने चूल उचलून तिथेच मांडली आहे. शाळा सुटली की ती पोरांना हाताला धरून पलीकडे नेते.

आभाळ भरून यायला लागलंय.

आणि काठी आता नुसती थांबत नाही... शेवटच्या फरशीवर आपटत राहते.