उमेदवाराशी नातं: हो / नाही

प्रेमाची पहिली चाहूल माणसाला काळजात लागते. तिला ती डाव्या बुटात लागली. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या उंच माणसाची ओली छत्री सगळीच्या सगळी तिथे गळत होती.

“अहो, छत्री…”

“अरे देवा! सॉरी—” त्याने घाईघाईने हात बदलला. आता ती उजव्या बुटात गळू लागली.

दहा मिनिटांनी तोच माणूस काचेच्या खोलीत तिच्यासमोर येऊन बसला. उमेदवार क्रमांक बावीस.

बँकांना शेअर-रोख्यांची माहिती पुरवणाऱ्या त्या कंपनीला सात महिने सीनियर डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटर मिळत नव्हता. तोवर ते काम विभागप्रमुख म्हणून तीच ओढत होती. सात महिन्यांत एकही सिनेमा तिने फोन न वाजता पाहिला नव्हता.

“एक माणूस मिळेना तुला?” आई रोज विचारायची.

“डेटाबेस सांभाळायला हवाय गं.”

“मग काय झालं? सांभाळणारा आहे ना!”

“बॅकअप घेता?” तिने समोरच्या उमेदवाराला बाविसाव्यांदा तोच प्रश्न विचारला. घेत सगळेच होते. “तो परत भरून पाहिलाय कधी?” इथे एकवीस जणांनी छताकडे पाहिलं होतं.

“दर सोमवारी,” तो म्हणाला. “एकदा भर दुपारी डेटाबेसमधलं माहितीचं अख्खं टेबल मीच उडवलं होतं, मॅडम… तेव्हापासून.”

“मग? लपवलंत?”

“घाम पुसला आणि साहेबांना जाऊन सांगितलं.”

मुलाखतीला लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ तिने त्याच्याकडे पाहिलं.

प्रत्येक फेरीनंतर तिला एक फॉर्म भरावा लागे. ‘उमेदवाराशी आपले काही नाते आहे काय? हो / नाही.’ ‘हो’ म्हटलं की उमेदवार बाद. तिने बिनधास्त ‘नाही’वर खूण केली.

दुसऱ्या फेरीला तो छत्रीला प्लॅस्टिकची पिशवी घालून आला. बाहेर लख्ख ऊन होतं.

“आज कशाला छत्री?”

“पिशवी दाखवायला.”

त्या दिवशी ‘नाही’वर खूण करताना पेन जरा अडखळलं.

तिसऱ्या, शेवटच्या फेरीला तो म्हणाला, “एक विचारू? नोकरी मिळाली तर तुम्ही माझ्या साहेब… म्हणजे कॉफीला येता का, असं विचारता यायचं नाही?”

“नाही. नियम आहे.”

“आणि नाही मिळाली तर?”

“तर माझा फोन असाच वाजत राहील, सिनेमाला गेले तरी. तुमच्यासारखा माणूस मला पुन्हा सात महिने मिळायचा नाही.” हे तिने कामाबद्दलच म्हटलं होतं. कान मात्र उगीच तापले.

“सिनेमाला गेलात तर फोन मी घेऊन बाहेर बसेन ना,” तो म्हणाला. “अगदीच पेटलं तर बोलवायला येईन…”

तो उठून गेला. तिने फॉर्मवर लिहिलं: ‘अजून नाही.’

एचआरच्या बाईंनी चष्मा वर केला. “मॅडम, अशी चौकटच नाहीये. हो, का नाही?”

काचेपलीकडे तो लिफ्टपाशी उभा होता. दोन लिफ्ट येऊन गेल्या, तरी उभाच.

“हो,” ती म्हणाली, आणि पर्स उचलली.

सीनियर डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरची जागा अजून रिकामी आहे.