पडद्यामागचं मशीन

"जरा पुन्हा मारा तो शब्द..."

जयाने दचकून वर पाहिलं. पडद्याच्या कडेला हातात पाना घेऊन एक तरुण उभा होता, अन् टक लावून तिच्या बोटांकडे पाहत होता. यवतमाळच्या त्या टायपिंग क्लासात मुली पडद्यामागे बसत, आणि पडद्यामागे एकच टाइपरायटर होता, सगळ्यांत जुना. तो दुरुस्त करायला आलेला हा राळेगावचा उकंडा.

"तुमी स्पेसबार दोनदा काहून दाबता?"

"मी? एकदाच दाबते. काहीतरीच!"

तिचा जीव आधीच टांगणीला लागला होता. क्लासात एक चूक होत नसे, आणि अमरावतीच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसरी परीक्षा पंधरा दिवसांवर. कापसाच्या जिनिंगमध्ये राबणाऱ्या तिच्या बाबांनी, पंजाबरावांनी, निक्षून सांगितलं होतं: या खेपेला पास झाली तर नोकरी, नाहीतर बोरी अरबचं स्थळ. त्या मुलाला तिनं पाहिलंही नव्हतं.

उकंडाने तिला मुलांच्या बाजूच्या नव्या मशीनवर बसवलं आणि तोच उतारा मारायला लावला. तिनं कागद ओढून पाहिला. शब्दाशब्दांत ही खिंडारं! मग त्यानं एकच ओळ दिली. मग दोनच शब्द. खिंडार पडत होतं ते फक्त कान्यानंतर.

"जुन्या मशीनचं चाक झिजलं," तो म्हणाला. "काना मारला का पुढचा स्पेस गिळते. तुमच्या बोटाईनं तिले सांभाळून घेतलं. चांगल्या मशीनवर तेच आंगाशी आलं."

"म्हणजे... माहा दोष नाही?"

"नाई."

जया रडलीच. दोन वर्षं ती स्वतःला मठ्ठ समजत होती.

चाक त्यानं बदललं, पण बोटांची सवय मोडेना. उकंडा रोज 'मशीन पाहायला' येऊ लागला. बोलता बोलता तिनं त्याला बोरीच्या स्थळाचंही सांगून टाकलं.

"उकंडा... हे काय नाव झालं?"

"आधीचे तीन भाऊ गेले. मी झालो तं मायनं मले उकिरड्यावर ठेवलं, मरणाची नजर पडू नाई म्हून." तो हसला. "फेकलेलं टिकते."

"अन् मशीन नीट झाली, तं रोज काहून येता?"

"तेल... टाकाले."

"रोज?"

"लय पेते ते..."

तिला हसू आलं. हा माणूस तिला आवडू लागला होता. बोटं आता स्पेस एकदाच दाबू लागली होती, परीक्षेला चारच दिवस उरले होते, आणि तो तेलापलीकडे काही बोलत नव्हता.

परीक्षा झाली. दोन महिन्यांनी निकाल आला तशी ती थेट बसस्टँडजवळच्या त्याच्या टिनाच्या दुकानात गेली.

"पास!"

उकंडा मटकन स्टुलावर बसला. "दोन महिने घास गोड लागला नाई मले."

"मंग बोलले काहून नाही? एक शब्द तरी..."

त्यानं मान खाली घातली. "तुमी नापास झाल्या असत्या तं बोरीचं स्थळ टाळासाठी मले हो म्हटलं असतं. तसं हो... मले नोको होतं."

जया क्षणभर त्याच्या काळ्या, तेलकट बोटांकडे पाहत राहिली.

"आता मले कोणालेच टाळाचं नाही," ती म्हणाली. "आता इचारा. आधी मले, मंग बाबाले."