पावलावरची नाडी

सरका जरा जवळ. उद्यापासून तुमच्याही रात्रपाळ्या सुरू, म्हणून सांगतो. ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या भाच्याची गोष्ट आहे. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती. साधी मंगळवारची रात्र, पावणेतीन वाजलेले. भाचा तेव्हा तुमच्यासारखाच शिकाऊ डॉक्टर. कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे पेशंट होते, त्यांच्या पावलावरची नाडी बघायला तो निघाला होता.

त्याच खाटेवर महिन्यापूर्वी एक काचवाला होता. काचेचं तावदान अंगावर पडून गुडघ्यामागची रक्तवाहिनी तुटलेली. मोठ्या डॉक्टरांनी दुसऱ्या पायातल्या शिरेचा तुकडा काढून तिथे जोडला आणि भाच्याला बजावलं, "तासातासाला पावलावर बोटं ठेव. नाडी लागली नाही, तर मला उठव. उशीर झाला की पाय गेला."

हे आमचे दिवटे खुर्चीत पेंगले. काचवाला म्हणाला, "डॉक्टर, पाय बधिर पडलाय हो." यानं बसल्या जागेवरून सांगितलं, "होतं असं, झोपा." मोठ्या डॉक्टरांचा फोन आला. "लागतेय, सर," यानं ठोकून दिलं.

सकाळी पाय काळानिळा. मांडीतून कापला, तरी माणूस वाचला नाही. जाण्याआधी भाच्याचा हात धरून म्हणाला, "माझ्यासाठी रात्रभर जागलात, डॉक्टर." भाच्यानं मान खाली घातली, पण खरं बोलला नाही. त्याचा मामा म्हणवून घ्यायची मलाच लाज वाटली.

तर, मंगळवार. वॉर्डात अंधार. भाचा चपला काढून स्टुलावर टेकला. चादरीखाली हात घातला. पाऊल गारठलेलं. बोटं सरकवली... नाही. पुन्हा... नाही.

"काका, पाय हलवा बरं."

...

"काका?"

"लागतेय ना, डॉक्टर?"

आवाज ओळखीचा. म्हाताऱ्यांचा नव्हे.

भाच्याला रडू फुटलं. "नाही लागत. तेव्हाही... मी बघितलीच नव्हती."

मग खाटेखालून दोन बोटं आली. भाच्याच्या डाव्या पावलावर टेकली. हलकी. नाडी शोधणारी. थांबली... गेली.

यानं दिवा लावला. खाट रिकामी. म्हाताऱ्यांना संध्याकाळीच दुसऱ्या वॉर्डात हलवलं होतं.

भाचा आज स्वतः रक्तवाहिन्या जोडतो. चालतो, जिने चढतो, पाऊल चांगलं गरम असतं. पण त्या रात्रीपासून डाव्या पावलावर नाडी नाही. यंत्रालाही सापडत नाही. मोठमोठ्यांनी हात टेकले.

आतल्या खोलीतच झोपलाय भाचा. तुम्हाला हे सांगायला त्यानंच सांगितलंय. पाय पांघरुणाबाहेर आहे... जा, ठेवा बोटं.